नाताळला थेट गाडी

आमच्या घरात गोधडीला गोधडी म्हटलेलं चालत नसे. मी साताऱ्याकडची, माझ्या माहेरी गोधडी. इथल्या, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, शेजारणी वाकळ म्हणायच्या. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, त्या म्हणायच्या कौदी. अव्वांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. तिकडून लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत थोडी भांडी, गळ्यातलं इष्टलिंग आणि हा एक शब्द घेऊन आल्या. भांडी पुढे मोडीत गेली. शब्द मात्र त्यांनी कुणाला मोडू दिला नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कौतुकाने म्हणाले, "ही गोधडी छान आहे हं," तर त्या म्हणाल्या, "कौदी म्हण. गोधडी भिकाऱ्याची असती." तेव्हापासून मी कौदी म्हणू लागले. घरात शांतता हवी असेल तर आपला शब्द बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं.

अव्वांना कौदी शिवायला निमित्त लागत नसे, फक्त कापड लागे. जुनी लुगडी, माझे परकर, ह्यांचे फौंड्रीत जळके डाग पडलेले शर्ट, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडचं कातरण. दुपारची जेवणं झाली की हॉलमधली टीपॉय सरकवून त्या हे सगळं फरशीवर एकावर एक अंथरायच्या, चारी टोकांवर पाट, वरवंटा असं काहीबाही ठेवायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत फिरायच्या. कौदी कडेने सुरू करायची आणि आत आत शिवत न्यायची, हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे शिवण संपताना अव्वा बरोब्बर मधोमध बसलेल्या असत आणि त्यांना उठवायला कुणीतरी लागे. ते काम माझं.

माणसांना पुरून उरल्यावर त्यांनी वस्तूंकडे मोर्चा वळवला. टीव्हीला कौदी झाली, मिक्सरला झाली, ह्यांच्या स्कूटरच्या सीटला झाली. गॅसच्या सिलिंडरला गळ्यापर्यंत कौदी होती. नवा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने ती पाहिली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "पावणं आजारी हायती का काय?" वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहत. ख्रिस्ती, एकट्या, मूळच्या नगरकडच्या. त्यांना अख्खी इमारत सिस्टर म्हणे. त्यांनी एकदा हौसेने सांगितलं, माझ्या कौदीवर क्रूस काढून द्या. अव्वांनी पांढऱ्या लुगड्यावर लाल कापडाचं भलंमोठं अधिक चिन्ह काढून दिलं. सिस्टर दवाखान्यात नोकरीला होत्या, तेव्हा खूण दवाखान्याचीच मागितली असणार, असा अव्वांचा हिशेब. सिस्टरनी ती कौदी गॅलरीत वाळत घातली की खालून कुणीतरी हमखास विचारी, इंजेक्शन देता का म्हणून. सिस्टर नाही म्हणत आणि थोड्या वेळाने देत.

आता कोपऱ्याचं सांगायला हवं. अव्वांच्या माहेरी कौदी उपाशी ठेवत नसत. तिचे तीन कोपरे शिवणारीच्या घरी बंद व्हायचे, चौथा उघडा राहायचा. त्या चौथ्या कोपऱ्यात चिमूटभर जोंधळे घालून मगच तो शिवायचा, आणि ते जोंधळे हवेत ज्या घरात कौदी पांघरली जाणार त्या घरचे. शेजारी बाळ झालं तर अव्वा कौदी आणि सुईदोरा घेऊन जात, त्या घरचे जोंधळे मागून घेत आणि तिथंच बसून कोपरा शिवत. लोकांकडे गहू-तांदूळच असायचे, पण कोल्हापुरात मूठभर जोंधळे न सापडणारं घर विरळा. मुलीचं लग्न झालं की तिची कौदी उघड्या कोपऱ्यानेच सासरी जाई, आणि नंतर कधीतरी आई जाऊन तो बंद करून येई. मुलीच्या सासरी जायला आईला काहीतरी कारण लागतं, हे त्या कानडी बायकांना ठाऊक असणार. जोंधळ्याने उंदीर येतील असं मी एकदा बोलून दाखवलं होतं. अव्वा म्हणाल्या, "उंदरालाबी घर लागतंय."

आमच्या कपाटावर जुन्या चादरीत बांधलेली एक कौदी होती. ती कुणी पांघरत नसे. अव्वा दरवर्षी उन्हाळ्यात ती उतरवून गच्चीवर ऊन दाखवत, एका कोपऱ्यावरून बोट फिरवत आणि परत बांधून ठेवत. ती माझ्या थोरल्या नणंदेची, अक्कांची. अक्कांनी नव्वद सालानंतर लवकरच, माझं लग्न व्हायच्या बऱ्याच आधी, हुपरीच्या एका चांदी कारागिराशी स्वतःचं स्वतः लग्न केलं. मुलगा वेगळ्या जातीचा. माझे सासरे, म्हणजे अप्पा, म्हणाले, "आमच्या लेखी ती मेली." ते गावातले मोठ्या आवाजाचे दुकानदार, खिळे-बिजागऱ्या विकत आयुष्य गेलं, एकदा बोललेला भाव त्यांनी कधी खाली आणला नाही. त्या दिवसापासून घरात हुपरी हा शब्द बंद झाला. अक्काही कधी फिरकल्या नाहीत. अप्पांचीच मुलगी ती.

हुपरी आमच्यापासून बसने तासाभरावर आहे. माणसं दुबईला जाऊन दरवर्षी परत येतात. आमच्या घरातून हुपरीला गेलेलं माणूस परत आलं नव्हतं आणि इकडून कुणी तिकडे गेलं नव्हतं. अव्वांनी उभ्या आयुष्यात अप्पांना विचारल्याशिवाय भाजीसुद्धा बदलली नव्हती. माझ्या मुलीला पैंजण घ्यायला आम्ही गुजरीत, सराफांच्या गल्लीत गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अस्सल हुपरीचा माल हाय, वैनी." मी घाबरून अव्वांकडे पाहिलं. त्यांनी तो पैंजण हातात घेतला, उलटा केला, एकेक घुंगरू दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्योच दे." एवढंच. मला त्या दिवशी अप्पांचा भयंकर राग आला. तो मी भांडी आपटून व्यक्त केला, आणि अप्पांनी विचारलं की भांडी कुणी आपटतंय का.

पुढे अव्वांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. अव्वा हाताच्या अंदाजाने शिवत राहिल्या. सुईत दोरा मात्र ओवता येईना. मी सकाळीच पाचसहा सुया ओवून उशीला टोचून ठेवी. त्या उन्हाळ्यात गच्चीवर त्यांनी ते गाठोडं सोडलं आणि कोपरा चाचपत म्हणाल्या, "अजून वर्षभर दिसंल मला. फुडचं म्हायती न्हाय." कुणाला उद्देशून म्हणाल्या ते सांगता येणार नाही, गच्चीवर मी आणि कुरडया होतो. पण मला कळलं. तो एक कोपरा स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोळ्यांनी शिवायचा राहिला होता. बाकी त्यांना काही नको होतं.

त्याच सुमाराला दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं आणि अव्वांची मालिका बंद पडली. सिस्टरनी वरून पुस्तकांचं खोकं आणून दिलं. चर्चमध्ये कुणीतरी वाटलेली, बारीक बारीक, मराठीत उतरवलेली कादंबऱ्यांची पुस्तकं. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर बर्फ, बर्फात घर, आणि घराच्या खिडकीत दिवा. आत एक विधवा, एक अनाथ मूल, एक तिरसट म्हातारा आणि कधीच न चिडणारे एक पाळकसाहेब. घर सोडून गेलेलं कुणीतरी प्रत्येक पुस्तकात असतंच, आणि शेवटच्या प्रकरणात ते परत येतं. सगळे रडतात, प्रार्थना होते, बदक खातात. सिस्टरना स्वतःला ही पुस्तकं आवडत नसत. त्या पोलिसी कथा वाचायच्या. "मी सगळी नोकरी वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या, "एकही पेशंट असं सुंदर बोलत गेला नाही. पण तुमच्या सासूबाईंना बरं वाटेल."

मी पहिलं पुस्तक चेष्टेच्या सुरात वाचायला घेतलं. अर्ध्यावर आले आणि रडले. ह्याचा मला फार राग आला, म्हणून मी दुसरं वाचायला घेतलं.

तर अशी आमची दुपार जाऊ लागली. अव्वा फरशीवर शिवायच्या, मी खिडकीच्या उजेडात मोठ्याने वाचायची. त्या शांतपणे ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. "एवढी थंडी हाय तर त्या पोराला कौदी न्हाय व्हय कुणी शिवली?" हा प्रश्न दर प्रकरणाला येई. पाळकसाहेबांवर त्यांचा विश्वास नव्हता. चिडत नाही तो माणूस मनात काहीतरी ठेवून असतो, असं त्या म्हणत. ह्यांच्या एका मावशी आल्या होत्या, त्यांनी दोन दुपारी हे पाहिलं आणि जाताना भाऊबंदांत सांगितलं की सुनेनं म्हातारीला बाटवायला घेतलंय. अव्वांच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देव त्येंचा असू दे न्हायतर माझा असू दे. पोरगी घरी आली का न्हाय, ते वाच फुडं."

अप्पा त्याच खोलीत खुर्चीवर असत. दुकान विकल्यापासून ते दिवसभर पेपर वाचत. पेपर तोंडासमोर असला की त्यांना काही ऐकू येत नाही, असा आमच्या घरचा कायदा होता. त्याच आडोशाने अव्वा माझ्याशी बरंच काही बोलून घेत. पण एका पुस्तकात तिरसट म्हाताऱ्याने मुलीला दारातून परत पाठवलं, तेव्हा पेपराच्या मागून आवाज आला, "गाढव हाय गाढव."

मी वाचायची थांबले. अव्वांची सुई थांबली. पेपराचं पान उलटलं गेलं. थोड्या वेळाने मी पुढे वाचू लागले. रात्री भाकरी थापताना मला एकटीलाच हसू येत होतं.

दिवाळी झाली, गार वारं सुटलं. आम्ही खोक्याच्या तळाशी आलो होतो. त्या दिवशीच्या पुस्तकात मुलगी घोडागाडीतून निघालेली आणि मी वाचत होते: "नाताळ जवळ आला होता." अव्वांनी सुई कापडात टोचून ठेवली. खुर्चीवर पेपर वर होता, तो त्यांनी नीट पाहून घेतला. मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात विचारलं, "हुपरीवरनं नाताळला थेट गाडी हाय का गं?"

मला काही समजलं नाही. हुपरी हा शब्दच मी त्या घरात पहिल्यांदा ऐकत होते.

"कुठं?" मी म्हटलं.

"नाताळला. ते नाताळ तिकडनंच लागतंय, का आधी कोल्हापुरात यावं लागतंय?"

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. उन्हाळ्यापासून मी ह्या बाईला वाचून दाखवत होते की तो नाताळला परत आला. सगळी भावंडं नाताळला जमली. आई, मी नाताळला नक्की येईन. आपण जोतिबाला जातो, आदमापूरला जातो, तशी ती माणसं नाताळला जात होती. घर सोडून गेलेलं माणूस आणि घरी राहिलेलं माणूस, दोघंही तिथं पोचतात आणि भेट होते. ठिकाण जागृत असणार, कारण एकही पुस्तक वाया गेलं नव्हतं. नाताळ जवळ आला होता, हे तर बसमधल्या कुणालाही कळण्यासारखं.

"अव्वा, ते गाव नाही," मी म्हटलं. "सण आहे. ख्रिस्ती लोकांचा. पंचवीस डिसेंबरला असतो. सिस्टर आपल्याला केक देतात बघा, तो."

"नाताळचा केक," अव्वा म्हणाल्या. "बेळगावचा कुंदा असतोय तसा. मला वाटलं कुणीतरी जाऊन आणत असंल."

मी हसले नाही. मला हसू आलंच नाही. ती म्हातारी बाई गाडीची चौकशी करत होती म्हणजे तिचं जायचं ठरलेलं होतं. इतके महिने मनात सगळं जुळवून, अक्का हुपरीहून येईल आणि मी कोल्हापुरातून, कुणाच्या दारात कुणाला जावं लागणार नाही, मान दोघींचाही राहील, असं गाव तिने शोधून काढलं होतं. आणि मी ते एका वाक्यात नाहीसं केलं. नको तिथे अर्थ माहीत असण्याचे हे तोटे. मला फार वाईट वाटलं.

"आणि नाताळ तो असतो," सवयीने मी पुढे म्हणाले. "ते नाताळ नाही."

"बरं," अव्वा म्हणाल्या. त्यांनी सुई उपसून काढली, पण त्या दिवशी शिवलं काहीच नाही.

पुढे काही दिवस त्यांनी वाचायला सांगितलं नाही. कापड अंथरलं नाही. सिस्टर खाली येऊन गेल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यासुद्धा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी दोन भावंडं नगरला आहेत. मीही गेले कित्येक नाताळ गेले नाही." मग त्या केकसाठी अंडी आणायला गेल्या.

अव्वा बोलल्या त्या एका सकाळी, मेथी निवडताना. "दिवस हाय म्हणतीस न्हवं ते?"

"हो, दिवस."

"गाव असतं तर आपल्याला जावं लागलं असतं. दिवस काय, आपल्याकडंबी येतोय की." मेथीची एक काडी त्यांनी बाजूला टाकली. "मग त्या दिवशी हुपरीला जाऊ या. पुस्तकात एवढ्या लोकांचं झालंय. आपलंबी हुईल."

पेपर वर होता. त्यामुळे अप्पांना ऐकू गेलं नाही.

नाताळच्या दिवशी सकाळी अव्वांनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, लिंगपूजा केली, आणि मला कपाटावरून गाठोडं काढायला सांगितलं. मी सुई, दोऱ्याचं रीळ आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. हे शिरोलीला कामावर गेलेले. त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं, कारण त्यांना काही सांगितलं की त्यांचं पोट बिघडे. राहिले अप्पा. ते खुर्चीवर पेपर धरून बसले होते. आम्ही दोघी गाठोडं घेऊन त्यांच्या पुढून दाराशी गेलो. अव्वांनी चपला घातल्या. गाठोडं आणि लुगडं बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ह्या बायका भाजीला निघालेल्या नाहीत.

तेव्हा अप्पांनी पेपर खाली घेतला. पूर्ण खाली, मांडीवर.

"चौथा कोपरा उघडाच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"उघडाच हाय," अव्वा म्हणाल्या.

"मग जा," अप्पा म्हणाले आणि पेपर परत वर केला. जिना उतरताना अव्वांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

बस मिळाली, बसायला जागा मिळाली. अव्वा सगळा वेळ गाठोडं मांडीवर धरून समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होत्या. हुपरीत उतरल्यावर लक्षात आलं की आपल्याला पत्ता माहीत नाही. पानाच्या टपरीवाल्याला मी विचारलं, "चांदीचं काम करतात त्यांचं घर कुठलं?" त्याने रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "सगळीच की, पावणं."

मी जावयांचं आडनाव आठवू लागले. तेवढ्यात अव्वा भर रस्त्यात मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या पोरीचं घर पायजे." मी त्यांचा एवढा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. "कोल्हापूरची हाय. राजारामपुरीची."

"म्हंजे लई मोठ्यानं बोलती ती?" टपरीवाला म्हणाला.

"व्हय," अव्वा म्हणाल्या. "तीच."

त्याने गल्ली दाखवली. दोन्हीकडच्या घरांतून हातोडीचा बारीक आवाज येत होता. टपरीवाल्याने सांगितलेल्या दारात आम्ही उभ्या राहिलो. आत खाली मान घालून एक बाई पैंजणाच्या साखळीला घुंगरं जोडत बसली होती. तिच्या पलीकडे बनियन घातलेला एक माणूस भट्टीशी. अक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण कपाळ थेट अप्पांचं होतं.

"कोण पायजे?" मान वर न करता ती म्हणाली. मग तिने मान वर केली.

आता पुस्तकात काय होतं ते मला तोंडपाठ होतं. मुलगी धावत येते, आई हात पसरते, म्हातारा मागे उभा राहून डोळे पुसतो. आमचा म्हातारा कोल्हापुरात पेपर वाचत होता आणि इथं कुणीच धावलं नाही. अक्का बसल्या जागी बसून राहिल्या. अव्वा उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. शेवटी अव्वा म्हणाल्या, "लई ऊन हाय."

डिसेंबर होता. माझ्या अंगात स्वेटर होता.

"बसनं आलासा?" अक्कांनी विचारलं.

"व्हय."

"गर्दी हुती?"

"बसायला मिळालं."

"मग आत या की. दारात का हुबारलाय?" हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्यावरून टपरीवाल्याचं म्हणणं मला पटलं.

आम्ही आत जाऊन सतरंजीवर बसलो. जावई उठून शर्ट घालून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी रडलं नाही, कुणी माफी मागितली नाही. अव्वांनी गाठोड्याची गाठ सोडली आणि कौदी सगळ्यांच्या मधे पसरली. त्यात अक्कांचे शाळेचे फ्रॉक होते, परकर-पोलकं होतं, अप्पांच्या धोतराचं अस्तर होतं. अक्का बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून एक कोपरा चाचपला. बंद होता. दुसरा चाचपला. तिसरा. चौथ्यात त्यांची दोन बोटं आत गेली.

त्या ताडकन उठल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. आता आपण बस पकडावी. अव्वा मात्र हलल्या नाहीत. आतून डबा उघडल्याचा आवाज आला आणि अक्का बाहेर आल्या त्या मूठ मिटून. अव्वांच्या समोर बसून त्यांनी ती उघडली. जोंधळे होते. चिमूटभर लागतात, त्यांनी मूठ भरून आणले होते, थोडे उंबऱ्यावर सांडलेही होते.

"घरचंच हायती," त्या म्हणाल्या. एवढं मात्र त्या हळू बोलल्या.

अव्वांनी ते सगळेच्या सगळे कोपऱ्यात भरले आणि माझ्यापुढे हात केला. सुई हवी होती. मी पिशवीतून सुई काढली, दोरा तोडला आणि ओवायला गेले. वर्षभर मी हेच काम करत आले होते. पण त्या वेळी माझे डोळे भरून आले होते, आणि भोक काही सापडेना. एकदा घातला, दुसऱ्यांदा घातला, दोरा बाजूनेच जात होता. अव्वांचा हात तसाच पुढे. मी नाक ओढलं, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, पुन्हा चुकले.

जावई भिंतीपासून पुढे आले. उकिडवे बसले आणि माझ्या हातातून सुई घेतली. घुंगराच्या कडीतून केसाएवढी तार घालणारा माणूस तो. त्यांनी डोळ्यांजवळ न नेताच दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई अव्वांच्या तळहातावर ठेवली. जावयाने सासूला दिलेली ती पहिली वस्तू.

अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून, नाक अगदी कापडाला टेकवून, त्या कोपरा शिवायला लागल्या. बारीक, एकाला एक लागून टाके. अक्का कौदीची दुसरी बाजू ताणून धरून बसल्या होत्या. लहानपणी धरत असणार तशी. शेवटचा टाका घातल्यावर अव्वांनी दोरा दाताने तोडला, कोपऱ्यावर तळवा फिरवला आणि आत जोंधळे वाजतात का पाहिलं.

"आलं बघ नाताळ," त्या म्हणाल्या.

तो नाताळ असतो. मी काही दुरुस्त केलं नाही.